आगाऊपणाचे बक्षीस

मराठीत 'आगाऊ' या शब्दाला दोन अर्थ आहेत. वेळेआधी दिलेले वा घेतलेले ते आगाऊ, आणि पायरी सोडून वागणारा माणूस तोही आगाऊ. स्पेनच्या रेल्वेप्रवासाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात. 'माद्रिद-बार्सिलोनाचे तिकीट दोन महिने आधी काढा, नाहीतर लुटले जाल' हा त्यातला सल्ला. पाठोपाठ येते ती फुशारकी: आम्ही इतक्या युरोंत गेलो आणि शेजारच्या आसनावरच्या बापड्याने कितीतरी पट जास्त मोजले! सल्ला खोटा नाही. स्पेनला जाणाऱ्या कोणालाही मीही तोच देईन. आक्षेप आहे तो फुशारकीला आणि तिच्या मुळाशी असलेल्या समजुतीला. आधी तिकीट काढणारा शहाणा, आयत्या वेळी येणारा गलथान, आणि रेल्वे कंपनी केवळ शहाण्याला बक्षीस देते आहे, अशी ती समजूत आहे. ती साफ चुकीची आहे असे माझे म्हणणे आहे. आगाऊ तिकिटावर जे मिळते त्याला सवलत म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. ज्याला आधी ठरवता येत नाही त्याच्यावर बसवलेला तो दंड आहे, आणि आपण त्या दंडाच्या पावतीकडे पाहून स्वतःची पाठ थोपटून घेतो.

आधी व्यवहार काय आहे ते पाहू. स्पेनमधल्या लांब पल्ल्याच्या सर्व गाड्यांना आरक्षण सक्तीचे आहे. उभ्याने जाण्याची सोय नाही, अनारक्षित डबा नाही. वेगवान गाड्यांचे भाडे ठरलेले नाही. ते मागणीप्रमाणे बदलते आणि सुटण्याची तारीख जवळ येईल तसे बहुधा चढत जाते. सर्वांत स्वस्त तिकीट सर्वांत ताठर असते: ते बदलायचे वा परत करायचे तर मुभा नसते, किंवा ती मुभाही वेगळे पैसे मोजून विकत घ्यावी लागते. ज्यांच्याकडे युरोपभर चालणारा रेल्वेचा पास आहे, त्यांनाही या गाड्यांसाठी निराळे आरक्षण घ्यावेच लागते. त्यात विक्री अमुक दिवस आधी उघडेल असा भरवसाही नाही. वेळापत्रक जसजसे निश्चित होते तशी ती टप्प्याटप्प्याने उघडते. म्हणजे ज्याने आगाऊ तिकीट काढायचे मनावर घेतले आहे, त्याला ते काढता येण्याच्या दिवसाचीही वाट पाहत बसावे लागते. स्थानकावर सामान क्ष-किरण यंत्रातून जाते आणि गाडी सुटण्याआधीच फलाटाचा रस्ता बंद होतो. स्पॅनिश भाषेत 'आवे' म्हणजे पक्षी. स्पेनच्या वेगवान रेल्वेच्या नावाची आद्याक्षरे जुळवून हाच शब्द तयार होतो. नाव ठेवताना कोणाच्या मनात उड्डाणाची प्रतिमा असेल. प्रत्यक्षात गाडीने विमानाकडून वेग थोडा घेतला आणि विमानतळाच्या साऱ्या खोडी मात्र पुरेपूर घेतल्या.

हे असेच असायला हवे होते का? रेल्वेचा इतिहास तसे सांगत नाही. स्पेनमध्ये १८५५ च्या रेल्वे कायद्यानंतर लोहमार्गांची खरी बांधणी सुरू झाली. पैसा मुख्यतः फ्रेंच होता. पेरेर बंधूंनी उत्तरेकडचे जाळे उभारले, रोथ्सचाइल्ड घराण्याने माद्रिदहून सारागोसा आणि आलिकान्तेकडे जाणारे. ही मंडळी धर्मादाय करायला आली नव्हती. तरीही त्यांना मिळालेल्या परवान्यांना कमाल भाड्याची मर्यादा जोडलेली होती. ज्याच्या हातात रस्ता आहे त्याच्या हातात वाटसरूची मानगूट आहे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या, मुळीच समाजवादी नसलेल्या सरकारालाही कळत होती. म्हणून भाडेपत्रक नावाची वस्तू जन्माला आली. स्थानकाच्या भिंतीवर लावलेला तो कागद साधा दिसतो, पण तो एक सामाजिक करार असतो. तू कोण आहेस, तुला किती घाई आहे, तुझ्या खिशात किती आहेत, हे न विचारता या गावाहून त्या गावाला जायचे इतके पडतील, असे तो सांगतो. २१ एप्रिल १९९२ रोजी, सेवियातल्या जागतिक प्रदर्शनाच्या मुहूर्तावर, माद्रिद-सेविया ही पहिली वेगवान गाडी सुरू झाली तेव्हाही गर्दीच्या वेळेचे भाडे वेगळे आणि निवांत वेळेचे वेगळे होते. पण ते आधी जाहीर केलेले होते. भाडे कमीजास्त असणे आणि भाडे अज्ञात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

भाडे अज्ञात ठेवण्याची कला रेल्वेची नव्हे, विमान कंपन्यांची. अमेरिकेत १९७८ साली हवाई वाहतुकीवरचे सरकारी नियंत्रण उठले. स्वस्त दरात उडणाऱ्या नव्या कंपन्या आल्या आणि त्यांना तोंड देण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये एक युक्ती जोमाने वापरली: काही आसने आगाऊ घेणाऱ्यांना कवडीमोलाने विकायची, आणि उरलेली ऐनवेळी येणाऱ्या गरजूंसाठी चढ्या दराने राखून ठेवायची. कोणत्या आसनाचे काय करायचे हे संगणकाने ठरवायचे. फ्रान्सच्या रेल्वेने याच कंपनीची 'सेबर' ही आरक्षणप्रणाली विकत घेतली, तिला रेल्वेचे कपडे चढवले आणि १९९३ मध्ये 'सोक्रात' या नावाने सुरू केले. सोक्रात म्हणजे आपला सॉक्रेटिस. तो अथेन्सच्या चौकात उभा राहून लोकांना प्रश्न विचारीत असे. त्याच्या नावाच्या यंत्राने मात्र प्रवाशाच्या एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते. फ्रेंच प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध मोठे काहूर माजवले. यंत्र राहिले, काहूर विरले. स्पेनच्या सरकारी रेल्वेने, रेन्फेने, फेब्रुवारी २०१३ मध्ये मूळ भाडी सरासरी ११ टक्क्यांनी उतरवली आणि त्यासोबत ७० टक्क्यांपर्यंत जाणाऱ्या बदलत्या सवलती आणल्या. गाड्या भरू लागल्या, टाळ्या पडल्या. भाडेपत्रक भिंतीवरून उतरले हे त्या टाळ्यांत कोणाच्या लक्षात आले नाही.

यापुढचा भाग माझ्या प्रतिपक्षाचा आहे, आणि तो मी त्याच्या बाजूने पूर्ण ताकदीने मांडतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार डिसेंबर २०२० पासून देशांतर्गत प्रवासी रेल्वे स्पर्धेला खुली झाली. १० मे २०२१ रोजी फ्रेंच सरकारी रेल्वेची 'उईगो' माद्रिद-बार्सिलोना मार्गावर नऊ युरोंपासून पुढे असे दर जाहीर करीत उतरली. त्याच जूनमध्ये रेन्फेने स्वतःची स्वस्त 'आव्लो' काढली. नोव्हेंबर २०२२ मध्ये इटलीच्या सरकारी रेल्वेची भागीदारी असलेली 'इर्यो' आली. भाडी लक्षणीय उतरली, प्रवासी वाढले. ज्या विद्यार्थ्याने आजवर रात्रीची बस पकडली असती तो वेगवान गाडीत बसला. २०२४ मध्ये तर स्पेनच्या परिवहनमंत्र्यांनीच उईगो तोट्यात धंदा करून बाजार बिघडवते आहे अशी तक्रार मांडली. स्वस्ताई किती खरी आहे याचा याहून मोठा पुरावा कोणता? हे सारे मला मान्य आहे. पण या युक्तिवादात एक हातचलाखी आहे. भाडी उतरली ती तीन कंपन्या एकाच रुळांवर झगडू लागल्या म्हणून. तिकीट आगाऊ घेतले गेले म्हणून नव्हे. स्पर्धेचे श्रेय आगाऊ आरक्षणाच्या खात्यावर जमा करण्याचे कारण नाही. आणि ज्या मार्गांवर एकच कंपनी धावते तिथे आगाऊपणाची सक्ती तशीच आहे, स्वस्ताई मात्र गायब.

आता प्रश्न असा, की दंड भरतो कोण? आपल्याकडे म्हण आहे, गरजवंताला अक्कल नसते. ती म्हणताना आपल्या आवाजात निदान थोडी करुणा असते. बदलत्या भाड्याच्या यंत्राने त्या म्हणीचे गणिती सूत्र केले आहे. ज्याला कमी गरज, त्याला कमी भाडे. ज्याला जायलाच हवे, त्याला जास्त. दोन महिने आधी तारीख कोणाला ठाऊक असते? पगारी रजा मंजूर करून घेता येणाऱ्याला, घरात आजारी माणूस नसणाऱ्याला, कामाच्या पाळ्या आठवड्याआधी कळणारी नोकरी नसणाऱ्याला, आणि पर्यटकाला. कोणाला ठाऊक नसते? ज्याचा बाप सेवियाच्या इस्पितळात काल दाखल झाला त्याला. ज्याला उद्या सकाळी बार्सिलोनात मुलाखतीला बोलावले आहे त्याला. हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या बाईला, जिची सुट्टी मालकाच्या मर्जीवर आहे. नियोजन हा सद्गुण म्हणून सांगितला जातो. खरे तर तो सुस्थितीचा पुरावा आहे. ज्याचे आयुष्य त्याच्या ताब्यात आहे तोच दोन महिन्यांनंतरच्या मंगळवारी सकाळी साडेनऊला आपण कुठे असू हे सांगू शकतो. अशा माणसाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग विकणे हे बाजाराच्या तर्काला धरून असेल. ते न्याय्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये, आणि ते शहाणपणाचे बक्षीस आहे असे तर मुळीच म्हणू नये.

स्पेनच्या बाबतीत या गोष्टीला एक विदारक किनार आहे. माद्रिदच्या आतोचा स्थानकाला आता आल्मुदेना ग्रान्देसचे नाव जोडले आहे. २०२१ मध्ये निवर्तलेली ही कादंबरीकार यादवी युद्धानंतरच्या पराभूत माणसांविषयी आयुष्यभर लिहीत राहिली. शहराच्या दुसऱ्या टोकाचे चामार्तिन स्थानक क्लारा काम्पोआमोरच्या नावाचे आहे. १९३१ मध्ये संसदेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी झुंजलेल्या या बाईने १९३६ मध्ये जीव वाचवण्यासाठी माद्रिद सोडले आणि १९७२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये परागंदा अवस्थेतच देह ठेवला. मालागाच्या स्थानकाला मारिआ साम्ब्रानो या तत्त्वज्ञ लेखिकेचे नाव आहे. १९३९ च्या जानेवारीत ती फ्रान्सची सरहद्द ओलांडून गेली आणि १९८४ मध्ये परतली. ज्यांनी आयुष्यातला सर्वांत मोठा प्रवास पूर्वसूचनेविना केला त्यांची, आणि त्यांच्याविषयी लिहिणारीची, नावे स्थानकांवर कोरायची, आणि आत पूर्वसूचनेविना येणाऱ्याकडून जास्त पैसे घ्यायचे! १९३६ च्या जुलैत माद्रिदमधली हवा फिरलेली पाहून लोर्काने अचानक ग्रानादाला घरच्या माणसांकडे जायचे ठरवले. त्याच्या एका मित्राच्या आठवणीप्रमाणे शयनयानाचे तिकीट त्याच दिवशी काढले गेले. पुढच्या महिन्यात ग्रानादाजवळ त्याचा खून झाला. त्या प्रवासाने त्याला वाचवले नाही. परंतु संकटाची चाहूल लागताच माणूस आपल्या माणसांकडे धाव घेतो, आणि ती धाव कोणत्याही विक्रीखिडकीला दोन महिने आधी कळवता येत नाही, हे त्यातून दिसते. रेल्वे ही अशा धावेसाठीही असते. सहलीसाठी ती असतेच.

'पण वेगवान रेल्वे चालवायची तर असेच करावे लागते, रिकामी आसने परवडत नाहीत', हा पुढचा आक्षेप. याचे उत्तर स्पेनच्याच रुळांवर धावते आहे. माद्रिदहून तोलेदोला सुमारे अर्ध्या तासात पोचवणारी 'आवान्त' ही गाडी पाहा. मार्ग वेगवान, चालवणारी कंपनी तीच रेन्फे. पण ही सेवा सार्वजनिक सेवा म्हणून सरकारच्या बंधनाखाली चालते, त्यामुळे भाडे ठरलेले असते. महिनाभर आधी घ्या वा गाडी सुटण्याआधी घ्या, तेवढेच पडते. आसन आरक्षित करावे लागते, सुट्टीच्या दिवशी गाड्या भरून जातात, हे खरे. पण भरलेली गाडी आणि वाढलेले भाडे यांत फरक आहे. जागा संपली तर सर्वांसाठी संपते, त्यात अपमान नाही. भाडे वाढते ते फक्त न परवडणाऱ्यासाठी संपते. माद्रिदहून सेगोवियालाही अशीच आवान्त जाते. सेवियाहून कादिझला जाणारी मध्यम पल्ल्याची गाडी, महानगरांभोवतीच्या उपनगरी गाड्या, या साऱ्या ठरलेल्या दरांवरच चालतात. म्हणजे बदलते भाडे ही वेगाची वा यंत्राची मागणी नाही. ती धोरणाची निवड आहे. एकाच देशात, एकाच स्थानकात, शेजारच्या फलाटांवर दोन तत्त्वज्ञाने उभी आहेत. एक म्हणते, तू नागरिक आहेस. दुसरे म्हणते, तू गिऱ्हाईक आहेस, आणि तुला किती घाई आहे ते आधी पाहू.

आणि हे रूळ कोणाच्या पैशांतून टाकले गेले? स्पेनचे वेगवान रेल्वेचे जाळे सुमारे चार हजार किलोमीटरचे, लांबीत जगात चीनच्या खालोखाल. ते सार्वजनिक पैशांतून उभे आहे, आणि एकट्या स्पेनच्याही नव्हे. युरोपीय लेखापरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे, २००० पासून युरोपीय संघाने वेगवान रेल्वेला दिलेल्या मदतीपैकी जवळजवळ निम्मा वाटा स्पेनच्या पदरात पडला. तो पैसा देताना करदात्याला कोणी विचारले नव्हते की तू तिकीट आधी काढणार आहेस की आयत्या वेळी. बांधणीचा खर्च सर्वांनी समान नागरिक म्हणून सोसायचा आणि वापराच्या वेळी मात्र त्यांची गरजेप्रमाणे प्रतवारी लावायची, हा व्यवहार मला समजत नाही.

वेळ ही वस्तू या व्यवहारात कशी मोजली जाते तेही पाहण्यासारखे आहे. १९९४ मध्ये माद्रिद-सेविया मार्गावर रेन्फेने एक प्रतिज्ञा केली होती: गाडी पाच मिनिटांहून अधिक उशिरा पोचली तर भाड्याची पूर्ण रक्कम परत. ज्या देशाच्या गाड्यांच्या उशिरावर विनोद होत, त्याने जगाला दिलेले ते आव्हान होते, आणि ते त्या रेल्वेचे भूषणही होते. पुढे ही मुदत सैल होत गेली. जुलै २०२४ मध्ये कंपनीने वेगवान गाड्यांसाठी ती आणखी लांबवली: साठ मिनिटे उशीर झाला तर निम्मी रक्कम, नव्वद मिनिटे झाला तर पूर्ण. त्यावरून इतका असंतोष झाला की हा विषय स्पेनच्या संसदेपर्यंत गेला. मला त्यातली विषमता महत्त्वाची वाटते. स्वस्त तिकीट घेतलेल्या प्रवाशाला एक मिनिट उशीर झाला तर त्याचे सारे पैसे बुडतात. कंपनीला एकोणसाठ मिनिटे उशीर झाला तर या नव्या हिशेबाने तिचे काहीच बुडत नव्हते. आगाऊ तिकीट हा दोघांमधला करार आहे असे आपण समजतो. असा करार असतो का, ज्यात एका बाजूचे घड्याळ सेकंदांचे आणि दुसऱ्या बाजूचे तासांचे?

या सगळ्याची सर्वांत मोठी किंमत कुएन्कासारख्या ठिकाणांनी मोजली आहे. माद्रिद आणि वालेन्सियाच्या मध्ये कड्यावर वसलेल्या या शहरातून पूर्वी एक जुनी, संथ गाडी जात असे. ती तारांकोनसारख्या लहान गावांत थांबे. कोणीही फलाटावर जावे, ठरलेले भाडे द्यावे आणि बसावे. डिसेंबर २०१० मध्ये वेगवान मार्ग आला आणि कुएन्काला शहराबाहेर, फेर्नान्दो सोबेल या चित्रकाराच्या नावाचे चकचकीत स्थानक मिळाले. मग जुलै २०२२ मध्ये आरान्हुएस आणि उतिएलच्या दरम्यानचा जुना मार्ग बंद झाला. मधल्या गावांच्या वाट्याला बस आली. वेगवान गाडी आल्याचे दुःख कोणालाच नाही. पण जिथे वेग हा पर्याय म्हणून आला आणि मग एकमेव रस्ता होऊन बसला, तिथे आगाऊ आरक्षण हेही सोय राहत नाही, सक्ती होते. रात्रीच्या गाड्यांचेही तेच झाले. माद्रिद आणि लिस्बनला जोडणारी रात्रीची गाडी मार्च २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण मराठी प्रवाशाचा यात थेट संबंध आहे. मुंबईहून स्पेनला निघालेल्या माणसाला शेंगेन व्हिसा लागतो. त्याच्या अर्जासोबत राहण्याच्या आणि येण्याजाण्याच्या आरक्षणाचे कागद जोडावे लागतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण शिक्का हातात कधी पडेल, पडेल की नाही, हे दूतावासाच्या मर्जीवर. म्हणजे स्पेन त्याला एका दारात सांगते, तुझे नक्की काय ते आधी ठरव. आणि दुसऱ्या दारात सांगते, तुला येऊ द्यायचे की नाही ते आम्ही नंतर ठरवू. स्वस्त तिकीट परत होत नाही, व्हिसाचे शुल्क परत होत नाही. फ्रान्सचा वा जर्मनीचा रहिवासी हे तिकीट निर्धास्त मनाने घेतो, आपण ते जुगाराच्या चिठ्ठीसारखे घेतो. तरीही परत आल्यावर 'आधी काढले म्हणून स्वस्त पडले' असे अभिमानाने लिहितो! अडला हरी गाढवाचे पाय धरी हे समजू शकते. धरलेल्या पायांची आरती ओवाळणे समजत नाही.

आपल्याला हे इतके स्वाभाविक का वाटते, याचेही कारण घरातच आहे. डिसेंबर १९९७ मध्ये आपल्या रेल्वेने 'तत्काल' योजना आणली आणि तत्काळ या निरागस क्रियाविशेषणाला जादा आकाराचा अर्थ चिकटला. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी, दुरांतो गाड्यांना चढते भाडे लागू झाले: दर दहा टक्के आसने विकली गेली की भाडे दहा टक्के वर. पण दोन फरक विसरू नयेत. त्या चढत्या भाड्यालाही मूळ भाड्याच्या दीडपटीची कमाल मर्यादा जाहीर केलेली होती. आणि आपल्या बहुसंख्य लांब पल्ल्याच्या गाड्यांना, चेंगरून का होईना, ठरलेल्या भाड्याचा अनारक्षित डबा असतो. त्या डब्याचे गोडवे गावेत अशी त्याची अवस्था नाही हे मी जाणतो. पण आईच्या शेवटच्या आजाराची बातमी आलेला मजूर दादर वा ठाण्याच्या फलाटावर येऊन आजही, त्याच दिवशी, ठरलेल्या पैशांत गावाकडे निघू शकतो. स्पेनच्या देखण्या गाडीत त्याला हे करता आले नसते. जर्मनीत आगाऊ स्वस्त तिकिटे भरपूर आहेत, पण तिथे पूर्ण भाड्याचे तिकीट घेऊन आसन राखून न ठेवता वेगवान गाडीत चढता येते. स्वस्त तिकीट आणि खुले दार एकत्र राहू शकतात.

मग करायचे काय? प्रवाशापुरते उत्तर सोपे आहे. माद्रिद-बार्सिलोना किंवा माद्रिद-सेविया यांसारखे लांब टप्पे व्हिसा हाती पडताच आधी घेऊन टाकावेत. तिथे तत्त्वनिष्ठेसाठी खिसा रिता करण्यात अर्थ नाही. पण उरलेली सहल तारखांच्या खुंट्यांना बांधू नये. सेवियाहून हेरेस आणि कादिझ, बार्सिलोनाहून हिरोना आणि तारागोना, माद्रिदहून सेर्व्हान्तेसचे जन्मगाव आल्काला दे एनारेस, हे सारे ठरलेल्या भाड्याच्या गाड्यांनी होते. सकाळी उठून ठरवावे, खिडकीशी जावे, तिकीट काढावे. एखाद्या गावी उतरून मन रमले तर पुढची गाडी सोडून द्यावी. रेल्वेप्रवासाचे सुख, जे आपल्या प्रवासवर्णनांतून आपण शतकभर वाचत आलो, ते या सोडून देण्यात आहे.

धोरणापुरते उत्तरही फार अवघड नाही. प्रत्येक मार्गावर जाहीर केलेले कमाल भाडे हवे. प्रत्येक गाडीतली काही आसने सुटण्याच्या दिवसापर्यंत ठरलेल्या दराने राखलेली हवीत. गाडी सुटेपर्यंत तिकीट पुढच्या गाडीवर बदलून घेण्याची मुभा प्रत्येकाला हवी. त्यातला पहिला नियम परवान्यांमधून दीडशे वर्षांपूर्वी पेरेर आणि रोथ्सचाइल्ड यांना लागू होता. त्याने ते भिकेला लागल्याची नोंद नाही. फ्रेंच आणि इटालियन भांडवल स्पेनच्या रुळांवर पुन्हा आले आहे, तर तो नियमही पुन्हा यायला हरकत नसावी.

आणि आपल्यासाठी एक लहानसे पथ्य. स्वस्त तिकीट मिळाले तर जरूर आनंद मानावा. मात्र शेजारच्या आसनावर बसलेल्या, आपल्या कितीतरी पट भाडे दिलेल्या माणसाकडे कीव करून पाहण्याआधी एवढा विचार करावा, की त्याला हा प्रवास करावा लागेल हे काल रात्रीपर्यंत बहुधा माहीत नव्हते, आणि आपल्या स्वस्ताईतला काही वाटा त्याने भरला आहे.